विचारायला घाबरू नका

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर आत्महत्येसारखा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. मला बोलावणं आलं तेव्हा माझ्याही मनात आलं. पण चवथीला मुंबईचा, पुण्याचा, आखातातला माणूस मूळ घरी येतो. माटोळीखाली सगळं कुटुंब एकत्र बसतं. कोण आलं नाही आणि कोण येऊनही गप्प आहे, हे याच दिवसांत दिसतं. म्हणून मी हो म्हटलं.

मी डॉक्टर नाही. डिचोली तालुक्यातला ट्रकमालक होतो. शिरगाव-मुळगाव भागात खनिजाची वाहतूक करायचो. दोन ट्रक, दोन्ही कर्जाचे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत. अशी घरं पुष्कळ होती, पण सगळ्यांचंच मन खचलं असं नाही. माझं खचलं आणि त्याला एकटं कर्ज कारण नव्हतं. वडील नुकतेच गेले होते, भावाशी बोलणं तुटलं होतं. झोप उडाली, जेवण जाईना. बायकोनं विचारलं की म्हणायचो, "जरा टेन्शन आहे." आपण नसलो तर घरचे सुटतील, असं मला खरोखर वाटू लागलं होतं.

माझा एक दोस्त आहे, मयेचा ख्रिस्ती. आम्ही वर्षानुवर्षं एकाच रांगेत ट्रक लावले. एका संध्याकाळी तो आला, पायरीवर बसला, बराच वेळ काही बोलला नाही. मग सरळ विचारलं, "जीव दिवपाचो विचार येता काय रे तुका?" तोवर मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी रडलो. त्यानं उपदेश केला नाही. रात्री तो आमच्याकडेच झोपला आणि सकाळी मला आरोग्य केंद्रात घेऊन गेला. तिथून पुढं बांबोळीला. बांबोळीला मानसोपचारासाठी जायचं म्हणजे गाव काय म्हणेल, ही भीती होतीच. पण गोळ्या घेतल्या, समुपदेशन घेतलं. बरं वाटायला काही महिने लागले. एक ट्रक विकला, भावाशी बोललो. आज मी तुमच्यासमोर उभा आहे.

लोकांना वाटतं, असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. विचारल्यानं माणसाला बोलायची वाट मिळते. मला मिळाली.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे बघा. पेडण्याच्या एका टोकाला तेरेखोल नदी, पलीकडे सिंधुदुर्ग. अर्धे सोयरे तिकडचे. हरमल-मांद्र्याला ख्रिस्ती वाडे, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नेपाळची पोरं, तुयेच्या कारखान्यांत आणि मोपाच्या बाजूला ओडिशा-झारखंडचे कामगार. डिचोलीत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, कर्नाटकातून येऊन राहिलेली घरं आहेत. दुःख सगळ्यांना सारखंच, पण गप्प बसायची कारणं वेगळी. आमच्यात घराण्याची अब्रू आड येते. कुणाकडे पापाची भीती. परप्रांतीय पोराची अडचण आणखी साधी: त्याची भाषा समजणारं जवळ कुणी नसतं.

पेडण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा ओडिशाचा एक मुलगा कामावर जायचा थांबला होता. घरमालकिणीच्या ते लक्षात आलं आणि तिनं मला कळवलं. माझं हिंदी तोडकं, त्याचंही तसंच. शेवटी त्याच्या गावचा एक कामगार शोधून आणला. ते दोघं ओडियात तासभर बोलले, मी नुसता बसून होतो. त्यानंतर तो डॉक्टरकडे यायला तयार झाला. मदत ज्याच्या त्याच्या भाषेतूनच आत शिरते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आपल्या गोव्यानं हे जगाला दाखवलेलं आहे. १९९६ मध्ये इथं 'संगथ' ही संस्था सुरू झाली. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं, तर ती आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना उपयोगी मदत करू शकतात, हे त्यांच्या अभ्यासातून दिसलं. तो अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आपले लोक "मला नैराश्य आहे" म्हणत नाहीत. अंग दुखतं, अशक्तपणा आहे, झोप नाही, टेन्शन आहे, असं म्हणतात. ते ओळखायला आपल्यातलाच माणूस लागतो. आणि जो स्वतः त्यातून गेला आहे, त्याच्यापाशी माणूस लवकर बोलतो.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेली. हा आकडा ऐकून आपण काय करू शकतो? चार गोष्टी. गप्प झालेल्या माणसाला एकांतात, त्याच्या भाषेत, सरळ विचारा. "देवानं दिलेला जीव" वगैरे न सुनावता ऐकून घ्या. धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका आणि घातक वस्तू कुलपात ठेवा. डॉक्टरकडे तुम्ही स्वतः सोबत जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही मिळते. पोलिसांच्या भीतीनं कुणी मागं राहू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला माणूस मानलं आहे आणि त्याची काळजी घेणं सरकारवर सोपवलं आहे.

इथं कुणी आज तसं दुःख घेऊन बसलं असेल, तर भाषण संपल्यावर मी मंडपाच्या मागच्या बाजूला थांबतो आहे. काही सांगायची घाई नाही. नुसते येऊन बसलात तरी चालेल.

गणपती बाप्पा मोरया!