फिटची गोळी मनाला कशाला?

मनोविकारतज्ज्ञाकडे एक तक्रार नेहमी येते. उन्मादातून नुकत्याच सावरलेल्या मुलाचे वडील औषधाची पट्टी टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "डॉक्टर, औषधवाला म्हणाला ही फिटची गोळी आहे. आमच्या मुलाला तर कधी आकडी आली नाही!" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र सरळ नाही.

त्या पट्टीवरचं व्हॅलप्रोएट १८८२ साली तयार झालं आणि पुढची ऐंशी वर्षं कुणी त्याला औषध मानलं नाही. इतर रसायनं विरघळवायला ते वापरत. १९६०च्या सुमाराला फ्रान्समध्ये ग्रनोबल इथं पिएर एमार काही नव्या संयुगांची चाचणी घेत होते. ती संयुगं त्यांनी याच द्रवात विरघळवली होती. बघावं तर प्रत्येक संयुग आकडी थांबवतंय! संशय साहजिकच द्रवावर गेला. १९६६ साली फ्रान्समधलेच मनोविकारतज्ज्ञ लाम्बेर यांनी त्याचं एक भावंड उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि गुण आल्याचं नोंदवलं. अमेरिकेत उन्मादासाठी व्हॅलप्रोएटला परवानगी मिळाली ती थेट १९९५ साली.

दुसरी गोष्ट जपानची. कार्बामाझेपिन तुमच्यापैकी काहींना चेहऱ्याच्या असह्य कळांवरची गोळी म्हणून ठाऊक असेल. फिट येणाऱ्या रुग्णांना ती दिली की त्यांचा मूडही सुधारतो, हे डॉक्टरांच्या लक्षात येत होतं. उन्मादावरचं मुख्य औषध लिथियम तेव्हा जपानात मिळत नव्हतं. गरजेपोटी ओकुमा आणि इतर तज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा पर्याय तपासला, आणि तो चालला.

मग विद्वानांनी कारण शोधलं. प्राण्याच्या मेंदूला विजेचे बारीक झटके रोज देत राहिलं की सुरुवातीला काहीच होत नाही. पुढे त्याच झटक्याने आकडी येते, आणि शेवटी झटक्यावाचूनही. अमेरिकेत रॉबर्ट पोस्ट म्हणाले, उन्माद-नैराश्याच्या आजाराचं, म्हणजे बायपोलरचंही असंच होत असेल. प्रत्येक फेरी पुढच्या फेरीची वाट सोपी करत असेल. कल्पना देखणी होती. आजही ती मला आवडते. पण ती पुरती खरी असती, तर फिटचं प्रत्येक औषध उन्मादावर चाललं असतं.

तसं झालं नाही. टोपिरामेट उन्मादाच्या चाचण्यांत नापास झालं. गॅबापेंटिनची गत त्याहून वाईट. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याच्यापेक्षा खोटी गोळी घेणाऱ्यांना जास्त बरं वाटलं! तोवर अमेरिकेत ते बायपोलरसाठी बिनदिक्कत लिहून दिलं जात होतं, कारण परवानगी नसलेल्या आजारांसाठीही वॉर्नर-लॅम्बर्ट ही कंपनी त्याचा प्रचार करत होती. वॉर्नर-लॅम्बर्टने २००४ साली गुन्हा कबूल केला आणि प्रकरण ४३ कोटी डॉलरला मिटलं. डॉक्टरही त्या प्रचाराला भुलले होते, हे आमच्या व्यवसायाने विसरू नये.

लॅमोट्रिजिनची तऱ्हा आणखी निराळी. भडकलेला उन्माद ते शमवत नाही, पण नैराश्याची पुढची फेरी लांबवतं. एकाच घरातले हे भाऊ, पण प्रत्येकाचा गुण वेगळा. त्यामुळे 'फिटचं आहे म्हणजे चालेल' हे खोटं आणि 'फिटचं आहे म्हणून नको' हेही खोटं. लॅमोट्रिजिन अगदी कमी मात्रेवर सुरू करून आठवड्यांच्या हिशेबाने वाढवतात. घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. सोबत व्हॅलप्रोएट असेल तर मात्रा आणखी कमी, कारण ते लॅमोट्रिजिनला शरीरातून लवकर जाऊ देत नाही. चार-पाच दिवस खंड पडला तर जुन्याच मात्रेवर परत जाऊ नका, आधी विचारा.

आता मुलींच्या आईवडिलांसाठी. गर्भारपणात व्हॅलप्रोएट घेतलं तर शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये मोठं जन्मजात व्यंग आढळतं. तीस ते चाळीस मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागे पडू शकतं. ब्रिटनने २०१८ पासून गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था असल्याशिवाय हे औषध तरुण स्त्रीला द्यायचं नाही, असा नियम केला. आपल्याकडे अडचण वेगळीच. लग्न ठरवताना आजार लपवला जातो. सासरी गोळी चोरून घेतली जाते किंवा गुपचूप बंद होते. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळून डॉक्टर गाठेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीने हा धोका पुसला जात नाही. म्हणून औषध बदलायचं असेल तर ते लग्नाची बोलणी चालू असतानाच बदलायला हवं. पण हे ऐकून आज रात्री घरी जाऊन कुणी गोळी बंद करू नका. एकदम थांबवलं तर उन्माद उसळतो, आणि आकडीचा आजार असेल तर आकडीही येते.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. आता त्या घेऊ.