टेबलावरचं जहाज



बँकेत पस्तीस वर्षं लेजर जुळवली, सगळं घाईत. सावकाशी शिकलो ती निवृत्तीनंतर, जहाजाची प्रतिकृती करताना. मी निवडली ‘त्रिंकोमाली’. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे!

लाकडाची पट्टी भिजवायची, हलकेच वाकवायची, चिकटवून रात्रभर ठेवायची. घाई केली की मोडलीच.

ही गेल्यावर वर्षभर काम पडून होतं. मग तिच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा काढून डोलकाठीला बांधला. आता हात थरथरतो. बारीक गाठी सी विंगमधली मुलं मारतात.

दोन शिडं बाकी आहेत. संध्याकाळी दार उघडंच असतं, या!