व्यापाराचा कागद आणि वकिलाची निवड
(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमात एका तालुक्याच्या वकिलांनी केलेले भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण कोर्टाची पायरी चुकवायची असेल तर वकिलाची पायरी वेळेवर चढावी लागते, हे मात्र आपण विसरतो. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळायला आपण शिकलो. सौद्याआधी कागद तपासून घ्यायला अजून शिकलेलो नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. दोघे भाऊबंद आणि त्यांचा एक मित्र, तिघांनी मिळून बेदाण्याचे शेड टाकले. स्टँपपेपरवर भागीदारी लिहिली, फर्मला कुलदैवताचे नाव दिले. एप्रिलात एका व्यापाऱ्याने शेडवरूनच माल उचलला आणि सहा लाखांचा चेक दिला. जाताना म्हणाला, "अण्णा, चेक एवढ्यात भरू नका. गणपतीपर्यंत थांबा, तुमचा पैसा कुठे जात नाही." अण्णा थांबले. सप्टेंबरात चेक बँकेत टाकला, तर मुदत संपली म्हणून परत आला. तेव्हा मंडळी माझ्याकडे आली.

यात दोन चुका झाल्या होत्या. दोन्ही अशा, की अर्ध्या तासाच्या सल्ल्याने टळल्या असत्या.

पहिली चूक चेकची. चेकवर जी तारीख असते तिच्यापासून तीन महिनेच तो चालतो. त्या मुदतीत चेक भरला आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, तर १८८१ च्या कायद्यातील कलम १३८ आपल्या मदतीला येते. पण तिथेही दिवस मोजावे लागतात. बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद द्यायची. अण्णांचा चेकच शिळा झाला, म्हणून ही वाट बंद झाली. राहिला तो दिवाणी दावा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी तो साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

दावा लावायचा म्हटले तर दुसरी चूक आडवी आली. भागीदारी लिहिली होती, पण फर्मची सरकारदरबारी नोंदणी केलेली नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला आपल्या सौद्याच्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरचा माणूस मात्र फर्मवर खुशाल दावा लावू शकतो! आधी नोंदणी केली, मग पुढचे पाऊल टाकले. शेवटी मध्यस्थीत तडजोड झाली. पैसे मिळाले, पण पुरते नाहीत, आणि तोवर दोन हंगाम गेले. एका भागीदाराने मुलीचे लग्न पुढे ढकलले. कागदाची किंमत ही अशी मोजावी लागते.

भागीदारीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फर्मचे देणे हे प्रत्येक भागीदाराचे पुरे देणे असते. एकाने कर्ज बुडवले तर दुसऱ्याच्या घरादारावर येऊ शकते. हे नको असेल तर २००८ च्या कायद्याखाली मर्यादित जबाबदारीची भागीदारी करता येते. दहा किंवा अधिक उत्पादक एकत्र आले तर उत्पादक कंपनी काढता येते. आपल्याला यातले कोणते सोयीचे, हे वकिलाला धंदा सुरू करण्याआधी विचारायचे. प्रक्रिया उद्योग असेल तर उद्यम नोंदणीचेही विचारा. अशी नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला खरेदीदाराने माल घेतल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे.

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळं खरं, पण वकील धरायचा कोणता?"

आपला नेहमीचा वकील बांधाच्या भांडणाचा, वाटपाचा, सातबाऱ्याचा. त्या कामात तो तरबेज असेल. पण व्यापाराचे काम निराळे. उदाहरण द्यायचे तर, तीन लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा व्यापारी तंटा असेल आणि तातडीचा हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जावे लागते. हे ठाऊक नसेल तर दावा दारातूनच परत येतो. डोळ्याच्या दुखण्याला आपण दाताच्या डॉक्टरकडे जात नाही, तसेच हे.

वकील जाहिरात करत नाही. तशी त्याला परवानगीच नाही. म्हणून चौकशी आपणच करायची. बाजार समितीत, सोसायटीत, ज्यांचे पैसे असेच अडकले होते त्यांच्याकडे विचारा. मग भेटायला गेलात की संकोच सोडून विचारा: "साहेब, असली कामं तुम्ही करता का? तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की दुसरं कोणी? नोटिशीचे किती, दाव्याचे किती, कोर्ट फी वेगळी किती? आमची बाजू कुठे लंगडी आहे?" शेवटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा वकील धरा. "शंभर टक्के जिंकून देतो" म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार करा. वसुलीतला हिस्सा फी म्हणून मागणाऱ्यालाही तसाच. वकिलांच्या नियमांत ते बसत नाही. व्यापाऱ्याने सुचवलेला वकील तर घेऊच नका.

पैसा नाही म्हणून घरी बसू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेप्रमाणे मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करा. दोन्ही बाजू राजी असतील तर लोकअदालतीत तंटा मिटतो आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही विचार करूनच करा.

येत्या हंगामात माल देण्याआधी एक दिवस यासाठी काढा.

लक्षात ठेवा :
१. मालाच्या वजनपावतीवर खरेदीदाराची सही आणि तारीख घ्या.
२. चेक तारखेला भरा. परत आला तर त्याच आठवड्यात वकील गाठा.
३. नोटीस पोचपावतीसह पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.
४. फर्मची नोंदणी धंद्याआधी करा.
५. कोऱ्या कागदावर सही करू नका, वकिलासाठीसुद्धा नाही. दिलेल्या फीची पावती घ्या आणि मूळ कागदाची नक्कल घरी ठेवा.