वाचकाने भिंतीला हात लावून पाहावा



 संमेलनाच्या अध्यक्षाने लेखकांविषयी बोलावे असा रिवाज आहे. मी आज वाचकांविषयी बोलणार आहे, तेही दुष्काळ, भूकंप, पूर आणि त्यातून जगलेल्या माणसांची पुस्तके वाचणाऱ्यांविषयी. इथे भोकर तालुक्यात या विषयाला प्रस्तावना लागत नाही. १९७२चा दुष्काळ अंगावर काढलेली माणसे इथे आहेत. किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवणारी आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या हसनाळ-रावणगावात रात्रीतून पाणी शिरले, ते तर काल-परवाचेच.

अशा पुस्तकांना आपली दाद ठरलेली असते. ‘डोळ्यांत पाणी आलं’, ‘माणसाच्या जिद्दीला सलाम’. लेखकाला ती गोड लागते. पण पुस्तक कपाटात जाते आणि वाचक होता तिथेच राहतो. ज्याने आपत्ती भोगली आहे, तो मात्र असे वाचत नाही.

एका गावच्या वाचनालयात ७२च्या दुष्काळावरची एक कथा आम्ही मोठ्याने वाचली. भेगाळलेली जमीन, आटलेली विहीर, आभाळाकडे लागलेले डोळे, सगळे जागच्या जागी होते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी वाचन संपल्यावर म्हणाल्या, “लेकरा, ह्याच्यात मिलो कुठंय?” मग त्याच सांगू लागल्या. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी बाया स्वतः न खाता पदरात बांधून लेकरांसाठी घरी न्यायच्या. खडी फोडताना बोटावर हातोडा बसला तरी कुणी घरी जायचे नाही, हजेरी बुडायची. “आभाळाकडं बघायला येळ कुणाला होता?” असेही त्या म्हणाल्या. त्या कथेचे इतके नेमके परीक्षण मी कोणत्याही मासिकात वाचलेले नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. दुरून वाचणारा तिथे सुस्कारा सोडतो. आपल्याकडचा वाचक विचारतो, ही माणसे पुढे कुठे गेली, कुणाच्या कामावर लागली, परत आली का? अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त भुकेल्या गावासाठी धान्य लुटले जाते. ते वाचताना रडू येत नाही, मुठी आवळल्या जातात. उपासमार चालू असताना धान्य कुणाच्या तरी कोठारात आहे, हे तिथे वाचकाला कळते. मला वाचकाकडून हा प्रश्न आणि हा राग हवा आहे.

किल्लारीचेच घ्या. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. त्यावर लिहिलेल्या बऱ्याच मजकुरात नियती आहे, काळरात्र आहे, कोपलेली धरणी आहे. भिंत फार थोड्यांनी पाहिली. दोन-अडीच फूट जाडीची, ओबडधोबड दगडांची, मातीत रचलेली ती भिंत; वर माळवद आणि त्यावर दरवर्षी चढवलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर अंगावर आले. कुडाच्या झोपडीत झोपलेली माणसे पुष्कळदा वाचली, दगडी वाड्यातली दबली. झोपडीतल्यांच्या वाचण्याला जिद्द म्हणायचे की छपराचे हलके वजन? आणि आदल्या वर्षी, १९९२मध्ये, किल्लारीत धक्के बसत होते, लोक घाबरून सांगत होते. ज्या पुस्तकात हे आले आहे, त्यातला तो भाग वाचकाने दोनदा वाचायला हवा.

भिंतीचा हा प्रश्न विचारणारा वाचक युरोपातही होता. १ नोव्हेंबर १७५५ला पोर्तुगालचे लिस्बन शहर भूकंपाने कोसळले. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने त्यावर दीर्घ कविता लिहिली; अशा जगात सारे काही भल्यासाठीच घडते हे कसे मानायचे, असा तिचा सूर. ती वाचून तत्त्वज्ञ रूसोने १७५६मध्ये त्याला पत्र पाठवले. सहा-सात मजल्यांची हजारो घरे एका जागी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती, आणि कपडे, कागदपत्रे, पैसे घ्यायला थांबून किती जण मेले, असे त्याने त्यात म्हटले. एका वाचकाचे ते पत्र आज त्या कवितेइतकेच मोलाचे मानले जाते.

असे वाचन सगळ्यांना रुचत नाही. अमेरिकेत अवर्षण, धुळीची वादळे आणि कर्ज यांनी उठवलेल्या शेतकऱ्यांवर जॉन स्टाइनबेकने १९३९मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी लिहिली. ती माणसे मजुरीला गेली त्या कॅलिफोर्नियातल्याच कर्न काउंटीने तिच्यावर बंदी घातली, प्रत जाळलीही गेली. जाळणाऱ्यांनी पुस्तक नीट वाचले होते की नाही ठाऊक नाही, पण त्यात आपल्यावर ठपका आहे हे त्यांना बरोबर उमगले होते. नुसती हळहळ वाटायला लावणारे पुस्तक जाळायला कुणी काडी ओढत नाही.

म्हणून लेखक मित्रांना माझी विनंती आहे. ज्यांच्यावर लिहिले, त्यांच्या पारावर ते छापण्याआधी वाचून दाखवा. “असं नव्हतं हो” असे कुणी म्हणाले तर वही उघडा. वाचलेल्या माणसाला वीर करण्याची घाई नको. शेजारचा का वाचला नाही, तेही लिहा.

वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना एक काम सुचवतो. आपत्तीवरच्या प्रत्येक पुस्तकासोबत एक कोरी वही ठेवा. ज्याने ती आपत्ती पाहिली, त्याने काय चुकले, काय राहिले ते तिच्यात लिहावे. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे शाळेतल्या पोरांनी उतरवून घ्यावे. ७२ पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे, तेव्हा हे काम पुढच्या संमेलनावर ढकलू नका. पुढच्या संमेलनात अध्यक्षाचे भाषण थोडे आखडते घ्या आणि त्या वह्यांतली पाने वाचा. त्या वाचनाला श्रोता म्हणून बसायला मला आवडेल.