गुणाकाराआधीचा एक प्रश्न



बडोद्याजवळच्या कोयलीत १९६५ साली, सोव्हिएत मदतीनं उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्याच्या आसपास नोकरीसाठी आलेली मराठी घरं आहेत, आणि बडोद्यात तर गायकवाडांच्या काळापासून रुजलेली मराठी घरं आहेत. आज मी संभाव्यतेचे चार साधे नियम सांगणार आहे, तेही अशाच घरांतल्या गोष्टींवरून. शाळेच्या पुस्तकांत हे नियम फासे आणि पत्त्यांवर शिकवतात. परीक्षा संपली की फासे मागे पडतात आणि त्यांच्याबरोबर नियमही. खरं तर त्यांची गरज तिथून पुढेच सुरू होते.

आधी भिशी घेऊ. बाराजणींची भिशी आहे, दर महिन्याला एक चिठ्ठी निघते आणि जिला लागली तिची चिठ्ठी पुढच्या महिन्यापासून डब्यात नसते. पहिल्या महिन्यात आपल्याला लागण्याची शक्यता बारात एक. मग तिसऱ्या महिन्यात लागण्याची किती? बऱ्याच जणी म्हणतील दहात एक, कारण तेव्हा डब्यात दहाच चिठ्ठ्या उरतात. पण तिसऱ्या महिन्यापर्यंत आपली चिठ्ठी डब्यात टिकायला तर हवी. पहिल्यांदा न लागण्याची शक्यता बारात अकरा, दुसऱ्यांदा न लागण्याची अकरात दहा, आणि मग लागण्याची दहात एक. या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडायला हव्यात म्हणून त्यांचा गुणाकार करायचा. अकराला अकरा जातात, दहाला दहा जातात, उरतं बारात एक. कोणताही महिना घ्या, उत्तर हेच येतं. पहिल्या तीन महिन्यांपैकी कधीही लागण्याची शक्यता हवी असेल, तर तीन वेळा बारात एक मिळवा, म्हणजे चारात एक. इथं बेरीज चालते, कारण एका भिशीत एकच नाव दोनदा निघत नाही.

आता नऊ महिने झाले आणि आपलं नाव अजून निघालेलं नाही. डब्यात तीन चिठ्ठ्या आहेत. आता शक्यता तिनात एक. जानेवारीत बसून ऑक्टोबरचा हिशेब केला तर बारात एक, ऑक्टोबर उजाडल्यावर केला तर तिनात एक. दोन्ही बरोबर आहेत, कारण मधल्या काळात आपल्याला काहीतरी कळलं. यालाच सशर्त संभाव्यता म्हणतात.

बेरजेचं एक पथ्य आहे, तेही सांगून टाकतो. समजा, चाळीस घरांच्या वसाहतीत पंधरा घरी मराठी वर्तमानपत्र येतं आणि वीस घरी गुजराती. मग पस्तीस घरी वर्तमानपत्र येतं म्हणायचं का? पाच घरी दोन्ही येत असतील तर ती पाच घरं दोनदा मोजली गेली. खरा आकडा तीस. दोन गोष्टी एकत्र घडू शकत असतील, तर दोनदा मोजलेला वाटा वजा करायचा.

आता असा हिशेब, जो चुकला तर माणसाचं नुकसान होतं. तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच होणार, असं बोलणाऱ्या आजीबाई कोयलीत भेटतील आणि कोल्हापुरातही. मुलगा आणि मुलगी यांची शक्यता आपण निम्मी-निम्मी धरू. चार मुलं होणार असतील, तर चारही मुली होण्याची शक्यता सोळात एक, म्हणून निदान एक तरी मुलगा होण्याची सोळात पंधरा. हे खरं आहे. पण हा हिशेब पहिल्या बाळाच्या आधीचा. तीन मुली घरात खेळत असताना चौथ्या बाळाची शक्यता पुन्हा निम्मीच असते. आधीच्या तीन जन्मांचा चौथ्यावर दाब पडत नाही. सोळात पंधरा हा आकडा तिथं लावणं म्हणजे भिशीचे नऊ महिने उलटल्यावर जानेवारीचा हिशेब करणं. आणि या चुकीपोटी आपल्याकडे किती बायकांना नको असलेलं बाळंतपण सोसावं लागलं, हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून मला वाटतं, हा हिशेब शाळेतल्या फळ्यावर जितका हवा तितकाच स्वयंपाकघरातही हवा.

हाच प्रश्न नदीच्या बाबतीत उभा राहतो. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून निघते आणि बडोदे शहराच्या मधोमध वाहते. २०१९च्या जुलैअखेर शहरात एका दिवसात जवळपास वीस इंच पाऊस पडला आणि घरांत पाणी शिरलं. अशा पुरानंतर लोक म्हणतात, चला, आता पंधरा-वीस वर्षं काळजी नाही. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री पुन्हा शहरात शिरली.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, असं आपण ऐकतो. त्याचा अर्थ शंभर वर्षं मोजून येणारा पूर असा नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. नदीकाठी घर घेतलं, तीस वर्षं राहायचं आहे. या काळात निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता किती? तीस वेळा शंभरात एक मिळवून तीस टक्के म्हणू नका, कारण पूर दोनदाही येऊ शकतो आणि मग तेच पथ्य आडवं येतं. उलट बाजूनं या. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव. हा आकडा तीस वेळा गुणला की तीसही वर्षं कोरडी जाण्याची शक्यता साधारण ७४ टक्के येते. म्हणून निदान एकदा पूर येण्याची २६ टक्के. सत्तर वर्षं धरली तर ती निम्म्याच्या किंचित पुढे जाते. ‘निदान एकदा’ हे शब्द ऐकले की ‘एकदाही नाही’चा हिशेब करून तो एकातून वजा करायचा. चार नियमांत हा मला सर्वांत उपयोगी वाटतो.

अर्थात मोठे पूर वारंवार येऊ लागले, तर शंभरात एक हा आकडाच तपासायला हवा. काठावरची बांधकामं वाढतात, पाऊस बदलतो, आकडा जुना राहतो. पुरावा पाहून आधीची शक्यता सुधारण्याची ही रीत केंब्रिजच्या हेरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३९च्या आपल्या ग्रंथात भक्कमपणे मांडली. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला.

आता गुणाकाराकडे परत येतो, कारण सगळा धोका तिथंच आहे. आग विझवायला पाण्याचे दोन पंप आहेत. ऐन वेळी एक पंप बंद पडण्याची शक्यता विसात एक समजा. दोन्ही बंद पडण्याची? वीस गुणिले वीस, म्हणजे चारशेत एक. ऐकून बरं वाटतं. पण दोन्ही पंप एकाच वीजवाहिनीवर असतील आणि पंप बंद पडण्याचं मुख्य कारण वीज जाणं हेच असेल, तर एक बंद पडला की दुसराही पडणार. मग शक्यता विसात एकच्या जवळच राहते आणि दुसऱ्या पंपाचा खर्च फारसा कामी येत नाही. म्हणूनच तेलशुद्धीकरण कारखान्यांत विजेच्या पंपांबरोबर डिझेलवर चालणारे पंप ठेवतात. कोयलीकरांना आगीचा विषय परका नाही. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी इथल्या साठवण टाकीला लागलेल्या आगीत दोघांचा जीव गेला. त्या घटनेच्या कारणांबद्दल मी बोलत नाही, पण सुरक्षेचा कोणताही आकडा गुणाकारातून आला असेल, तर तो सांगणाऱ्याला विचारा, या दोन गोष्टी खरंच एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का? घरातही हेच लागू पडतं. नवरा-बायको दोघं एकाच कंपनीत असतील, तर दोन पगारांची सुरक्षितता दोन वेगळ्या नोकऱ्यांइतकी नसते.

हे नियम ऐकून मुरत नाहीत, हातानं करून पाहावे लागतात. फ्रान्सचे मोठे गणिती दालांबेर यांनी १७५४ साली लिहिलं, की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता तिनात दोन. पहिल्यांदा छापा पडला तर काम झालं, नाहीतर काट्यानंतर छापा किंवा काट्यानंतर काटा, अशा तीनच गोष्टी त्यांनी धरल्या. आपल्या नियमानं दोन्ही वेळा काटा पडण्याची शक्यता चारात एक, म्हणून उत्तर चारात तीन. कोण बरोबर, ते आज रात्री जेवणानंतर तपासा. घरातल्या चौघांनी प्रत्येकी दोन नाणी घ्यावीत, साठ-साठ वेळा उडवावीत आणि निदान एक छापा पडला की वहीत रेघ ओढावी. एकूण २४० वेळा होईल. दालांबेर बरोबर असतील तर रेघा १६०च्या आसपास भरतील, आपला नियम बरोबर असेल तर १८०च्या आसपास. मुलांना उत्तर आधी सांगू नका, रेघा त्यांनाच मोजू द्या.