हॅमायसिन: पिंपरीच्या प्रयोगशाळेतला जोडशब्द

पिंपळे सौदागर हे नावच जोडनाव आहे. पिंपळे मराठी, सौदागर फारसी. गुरव आणि निलख ही दोन पिंपळे शेजारीच असल्यानं मागचा शब्द लावल्याशिवाय गाव कळत नाही. श्रोतेहो, याच सौदागरमधून पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी लागते. तिथल्या एच.ए. कंपनीत असाच एक जोडशब्द जन्मला, आणि त्याचं एक टोक थेट प्राचीन ग्रीसमध्ये आहे.

एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानं 1954 साली ती उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. ग्रीकमध्ये ‘अँटि’ म्हणजे विरुद्ध, ‘बिओस’ म्हणजे जीवन. ‘हिंदुस्तान’ मात्र फारसी. पाटीवरच दोन भाषा शेजारी बसल्या होत्या.

पण औषध बनवून इथले शास्त्रज्ञ थांबले नाहीत. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी नव्या औषधांच्या शोधात सूक्ष्मजीव तपासत होते. त्यातल्या एकाला नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. ‘स्ट्रेप्टोस’ म्हणजे पीळ दिलेला, ‘मायकेस’ म्हणजे अळंबी, बुरशी. आणि पिंप्रिना म्हणजे आपली पिंपरी! खरं तर हा जीव बुरशी नव्हे, जिवाणू. बुरशीसारखे तंतू काढत वाढतो, म्हणून जिवाणूंच्या या गटाला 1943 साली वॅक्समन आणि हेन्रिची या शास्त्रज्ञांनी ते नाव दिलं. वॅक्समनच्याच प्रयोगशाळेत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळे पुढं कितीतरी औषधांच्या नावांना ‘मायसिन’ हे शेपूट लागलं.

पिंप्रिनापासून मिळालेल्या औषधाची माहिती 1961 साली प्रसिद्ध झाली. नाव काय? कंपनीची एच आणि ए ही दोन अक्षरं, पुढं मायसिन. हॅमायसिन. ते बुरशीवरचं औषध. कॅन्डिडासारख्या बुरशीच्या संसर्गावर वरून लावायचं. म्हणजे ज्या बुरशीला ते मारतं, तिचंच ग्रीक नाव अंगावर घेऊन ते ओळखलं गेलं. या शब्दातली सर्वात सुंदर गोष्ट हीच.

रसायनशास्त्रात हॅमायसिन ‘हेप्टाईन’ गटात मोडतं, कारण त्याच्या रेणूत सात दुहेरी बंधांची साखळी असते. हा ‘हेप्टा’ परका वाटतो, पण तो आपल्या ‘सप्त’चा सख्खा भाऊ आहे. मूळ शब्दारंभीचा ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ झाला, संस्कृतात ‘स’च राहिला, आणि मराठीतल्या ‘सात’मध्येही तोच ऐकू येतो.