उद्याचे गुरुजी आणि आजची साधने
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शिक्षण निधीचा विनियोग कसा करावा, याविषयीचा एक ठराव आज दुपारच्या बैठकीत आपल्यापुढे यावयाचा आहे. आपल्या गावांतील प्राथमिक शाळांना टॅब्लेट व मोठे पडदे भेट द्यावेत, अशी सूचना तरुण मंडळींनी केली आहे. तिच्यामागील कळकळीविषयी मला आदरच आहे. परंतु माझ्या सेवेचा बहुतेक काळ अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना शिकविण्यात गेला असल्यामुळे त्या सूचनेस एक जोड द्यावी असे मला वाटते, आणि तेवढ्यासाठीच मी आपला थोडा वेळ घेणार आहे.

सरावपाठ पाहण्यासाठी मी एकदा एका लहानशा गावी गेलो होतो. वर्ग तिसरीचा, पाठ बी रुजण्याचा. छात्राध्यापिकेने आदल्या रात्री जागून एक सुरेख चित्रफीत मिळविली होती. बी फुटले, मूळ खाली गेले, अंकुर वर आला. कित्येक दिवसांचे काम मिनिटभरात पडद्यावर पार पडले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. इतक्यात वीज गेली. मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, ‘बाई, बी उलटे पेरले तर मूळ वर येईल का?’ असा प्रश्न वर्गात क्वचितच उमटतो. शाळेमागे शेत होते. मटकीला मोड तर प्रत्येकाच्या घरी येत होते. पण पाठाच्या टाचणात त्या प्रश्नास जागा नव्हती. बाई वीज येण्याची वाट पाहत राहिल्या आणि तास संपला. दोष त्या मुलीचा नव्हता, आम्हा शिकविणाऱ्यांचा होता. आम्ही तिला यंत्र सुरू करण्यास शिकविले होते. ते केव्हा बाजूला ठेवावे, हे शिकविले नव्हते.

काही वर्षांनी दुसऱ्या एका छात्राध्यापकाचा पाठ पाहिला. वर्ग दुसरीचा, तास भाषेचा, हाती एकच साधा मोबाईल. त्याने मुलांचे वाचन ध्वनिमुद्रित केले व ज्याचे त्याला ऐकविले. एक मुलगी स्वतःचा आवाज ऐकून म्हणाली, ‘अगंबाई, मी कुठे थांबतच नाही!’ तिने पुन्हा वाचले आणि प्रत्येक पूर्णविरामापाशी ती थांबली. खडू-फळ्याने जे साधले नसते ते त्या यंत्राने साधले. आणि तेवढे साधताच त्या तरुणाने मोबाईल खिशात ठेवून दिला. त्या तासाभरात त्याच्याकडून मीच काही शिकलो.

या दोन पाठांतील अंतर यंत्राच्या किमतीचे नाही. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये असे मांडले की, विषय येणे वेगळे आणि तो विषय मुलास कसा उलगडावा हे येणे वेगळे. त्याच विचारात पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांचे म्हणणे असे की, विषय, अध्यापनाची रीत आणि साधन या तिहींचे ज्ञान शिक्षकाच्या ठायी एकमेकांत मिसळलेले असावे लागते. म्हणून अध्यापक विद्यालयाच्या वेळापत्रकात संगणकाचा एक स्वतंत्र तास ठेवल्याने काम भागत नाही. अपूर्णांक शिकविताना, परिसर शिकविताना, कविता शिकविताना, त्या त्या पाठातच साधनाचा विचार शिकवावा लागतो.

केवळ साधने वाटून काय होते, याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. चलच्चित्रे लवकरच पाठ्यपुस्तकांची जागा घेतील, असे भाकीत थोर संशोधक एडिसन यांनी १९२२ मध्ये केले होते. पुस्तके आहेत तेथेच आहेत. पेरू देशात सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लहान संगणक दिले. तेथील ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गणित व भाषा यांच्या चाचण्यांत काही वाढ झाल्याचे दिसले नाही.

उलट, आपल्याच महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची साधने. ती स्वस्त होती खरी. परंतु मुलाच्या हाताला व मनाला काय हवे हे आधी ठरवून मग ती निवडलेली होती. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकांतील त्यांच्या क्यूआर संकेतांची सर्वत्र वाहवा झाली. पण त्यांनी पुस्तकांतील मजकूर मुलांच्या मातृभाषेत आणला होता, ही गोष्ट कमी लोकांच्या लक्षात राहिली. मुलाची अडचण ओळखणारा शिक्षक तेथे होता, म्हणून त्या संकेतांना अर्थ आला.

आज साधनांची वाण नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचामुळे पुस्तकातील संकेतावर मोबाईल धरताच धड्याची चित्रफीत समोर येते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर मागितल्याबरोबर पाठाचे टाचण लिहून देतात. परंतु वर्गातील कोणते मूल हातचा घेताना अडखळते, हे त्या टाचणास कोठून ठाऊक असणार? ते शिक्षकानेच पाहावयाचे असते. आणि पाहण्याची सवय उमेदवारीच्या काळातच लागते.

म्हणून माझी सूचना अशी : निधीचा अर्धा भाग साधनांसाठी अवश्य खर्च करावा, परंतु उरलेला अर्धा प्राथमिक शिक्षकाची पदविका घेणाऱ्या मुलामुलींच्या सरावासाठी राखावा. आपल्यापैकी सेवानिवृत्त शिक्षकांनी दर शनिवारी त्यांच्यासह शाळेत जावे. प्रत्येक पाठाचे टाचण दोनदा लिहवून घ्यावे, एकदा यंत्रासह आणि एकदा वीज गेली असे धरून. पाठानंतर मुलांनी विचारलेले प्रश्न वहीत टिपावेत आणि पुढचा पाठ त्या वहीवरून योजावा. हे साहाय्य केवळ ज्ञातीतील विद्यार्थ्यांपुरते न ठेवता जो कोणी शिक्षक होऊ इच्छितो त्यास खुले असावे, कारण गावच्या शाळेत सर्वांचीच मुले एका पंक्तीस बसतात.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे राहिले आहे. घरी आल्यावर मी एका कुंडीत वाल उलटे पेरले व रोज एकेक उकरून पाहिले. मूळ वर आले नाही. ते वळून खालीच गेले. हे त्या वर्गात, त्या मुलाच्या हातून व्हावयास हवे होते. पुढल्या वर्षी असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकास तो ऐकू यावा, एवढ्यासाठी ठरावास ही जोड द्यावी, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.